लस घ्या, नाहीतर मास्क लावा : ऑन्टॅरिओतल्या नर्सेसचं प्रकरण

फ्लूच्या मोसमात रुग्णालयात मास्क सक्तीचा असावा का, यावर वाद पेटला की कॅनडातल्या एका निवाड्याचा दाखला हटकून निघतो. ‘तिथल्या कोर्टानेच सांगितलं, मास्कचा काही उपयोग नाही’, असं कोणीतरी ठोकून देतं. निवाडा देणारं कोर्ट नव्हतं, युनियन आणि मालक यांच्यातला तंटा सोडवणारा लवाद होता, आणि त्याच्यासमोरचा प्रश्न बराच अरुंद होता. मूळ प्रकरण या एका वाक्यापेक्षा कितीतरी गुंतागुंतीचं आहे. रुग्णालय चालवणाऱ्या, तिथे नोकरी करणाऱ्या किंवा संसर्ग नियंत्रण समितीच्या बैठकांना बसणाऱ्या कोणालाही त्यातून बरंच घेण्यासारखं आहे.

सू सेंट मरी हे ऑन्टॅरिओ प्रांतातलं सीमेवरचं शहर. नदी ओलांडली की पलीकडे त्याच नावाचं अमेरिकेतलं शहर लागतं. टोरांटोहून जवळपास सातशे किलोमीटर लांब, वस्ती पाऊण लाखाच्या आसपास, हिवाळा कडक. सू एरिया हॉस्पिटल हे तिथलं मुख्य रुग्णालय. २०१४ च्या सुमारास या रुग्णालयाने एक नियम काढला. फ्लूचा मोसम सुरू झाला की ज्या कर्मचाऱ्यांनी त्या वर्षीची लस घेतलेली नाही, त्यांनी रुग्ण असतात त्या भागात सर्जिकल मास्क लावायचा, मोसम संपेपर्यंत, प्रत्येक शिफ्टला. लस घेतली की मास्कमधून सुटका. इंग्रजीत या प्रकारच्या धोरणाला ‘लस किंवा मास्क’ अशा अर्थाचं नाव होतं, आणि ते या एका रुग्णालयापुरतं नव्हतं. ब्रिटिश कोलंबिया प्रांताने २०१२ मध्येच ते जाहीर केलं होतं. टोरांटोतल्या मोठ्या शिक्षण-रुग्णालयांनीही तोच कित्ता गिरवला.

नियम आकाशातून पडला नव्हता. ऑन्टॅरिओने २००० सालीच सगळ्या नागरिकांना फ्लूची लस फुकट द्यायला सुरुवात केली होती. तरी रुग्णालयातल्या कर्मचाऱ्यांचं लसीकरण वर्षानुवर्षं रखडलेलं. पोस्टर लावून झाली, वॉर्डात ट्रॉली फिरवून झाली, वरिष्ठांनी फोटो काढून लस टोचून घेतली. आकडा हलेना. दुसरीकडे कर्करोगाचे उपचार चाललेले, अवयव बदललेले, ऐंशी-पंच्याऐंशीच्या घरातले रुग्ण. त्यांना फ्लू झाला तर तो अंगावर काढण्यातला नसतो. प्रशासनाची कळकळ खोटी होती असं मला वाटत नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे या नियमावर टीका बरीच येणार आहे.

करारात काय लिहिलं होतं

ऑन्टॅरिओ नर्सेस असोसिएशन ही तिथली बलाढ्य युनियन. तिचा रुग्णालयांच्या संघटनेशी प्रांतभर लागू असणारा एक करार आहे, आणि त्यात फ्लूच्या लशीचं स्वतंत्र कलम होतं. कलम म्हणतं की लस रुग्णांना आणि नर्सेसना उपयोगी ठरू शकते हे दोन्ही बाजूंना मान्य आहे. आरोग्य अधिकाऱ्याने शिफारस केली तर नर्सने लस घ्यावी. पण लस नाकारण्याचा नर्सचा हक्कही रुग्णालय मान्य करतं. नाकारली आणि रुग्णालयात फ्लूचा उद्रेक झाला, तर उद्रेक संपेपर्यंत तिला बिनपगारी रजेवर पाठवता येईल.

म्हणजे नाकारण्याची किंमत ठरलेली होती. वाटाघाटी करून, सह्या करून ठरलेली. नव्या नियमाने त्यावर दुसरी किंमत चढवली, तीही एकतर्फी : उद्रेक असो वा नसो, हिवाळाभर तोंडावर मास्क. युनियनने तक्रार दाखल केली आणि प्रकरण लवाद जेम्स हेज यांच्यापुढे गेलं.

मालकाने करारात नसलेला नियम स्वतःच्या अधिकारात काढला तर तो टिकतो की नाही, हे तपासायची एक कसोटी कॅनडात १९६५ पासून चालत आली आहे. ती ऑन्टॅरिओतल्याच केव्हीपी नावाच्या कागद कंपनीच्या प्रकरणातून आली. तिथला नियम मजेशीर होता : कर्जवसुलीसाठी कामगाराच्या पगारावर एकाहून जास्त वेळा जप्ती आली तर नोकरी गेली. लवादाने तेव्हा सांगितलं की असा नियम कराराशी विसंगत नसावा, अवाजवी नसावा, स्पष्ट असावा, कामगाराला आधी कळवलेला असावा, आणि सगळ्यांना सारखा लावलेला असावा. पगारजप्तीसाठी घडवलेली ही पट्टी पन्नास वर्षांनी मास्कला लावली गेली. हेज यांना मास्क चांगला की वाईट हे ठरवायचं नव्हतं. हा नियम वाजवी आहे का, एवढंच ठरवायचं होतं. मात्र ते ठरवण्यासाठी त्यांना विज्ञानात उतरावंच लागलं, आणि खोलवर उतरावं लागलं.

साखळीचे दुवे

दोन्ही बाजूंनी मोठी नावं साक्षीला आणली. रुग्णालयाकडून टोरांटोच्या संसर्गरोगतज्ज्ञ अॅलिसन मॅकगीअर आणि ब्रिटिश कोलंबियाच्या आरोग्य खात्यातल्या बॉनी हेन्री. युनियनकडून क्वेबेकचे साथरोगतज्ज्ञ गास्तों द सेर, टोरांटोचे संसर्गतज्ज्ञ मायकेल गार्डम आणि मास्क-रेस्पिरेटरांचा अभ्यास करणाऱ्या लिसा ब्रॉसो. यातलं कोणी लसविरोधी नव्हतं. भांडण एकाच विषयातल्या जाणकारांचं होतं, म्हणून ते वाचण्यासारखं आहे.

रुग्णालयाचा युक्तिवाद टिकायचा असेल तर एकापुढे एक बऱ्याच गोष्टी खऱ्या ठरायला हव्या होत्या. लस न घेतलेल्या नर्सला फ्लू झाला, पण लक्षणं अजून नाहीत, किंवा येणारच नाहीत. लक्षणं असती तर तिने घरी थांबणंच अपेक्षित, तो वेगळा नियम होताच. तर लक्षणं नसताना तिच्या नाकाघशातून विषाणू बाहेर पडतो. तो रुग्णाला आजारी पाडण्याइतका पडतो. आणि सर्जिकल मास्क तो अडवतो.

पहिल्या दुव्याबद्दल फारसा वाद नव्हता. फ्लूचा विषाणू लक्षणं दिसायच्या साधारण एक दिवस आधीपासून सापडू लागतो, हे सगळ्यांनाच मान्य. पण सापडतो म्हणजे पसरतो का? शिंक नाही, खोकला नाही, अशा माणसाकडून रुग्णाला फ्लू होण्याचं प्रमाण किती, याचा भक्कम पुरावा कोणाकडेच नव्हता.

मास्कचा दुवा जास्त रंजक आहे. अमेरिकेत डोनाल्ड मिल्टन यांच्या गटाने २०१३ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. फ्लू झालेल्या ३७ जणांना एका यंत्रासमोर बसवलं. भल्यामोठ्या नरसाळ्यात तोंड घालून अर्धा तास श्वास घ्यायचा, मधूनमधून सांगतील तेव्हा खोकायचं. एकदा मास्क लावून, एकदा न लावता. यंत्र त्यांच्या श्वासातले कण आकारानुसार वेगळे करून गोळा करी. मास्कमुळे मोठ्या कणांमधला विषाणू २५ पटींनी घटला, बारीक कणांमधला २.८ पटींनी. मास्क काम करतो, यात शंका नाही. पण हे सगळे लोक उघड आजारी होते, खोकत होते. ज्या नर्सला काहीच होत नाही, तिच्या मास्कबद्दल या प्रयोगातून थेट काही कळत नाही. शिवाय प्रयोगातला मास्क अर्ध्या तासाचा. बारा तासांच्या शिफ्टमध्ये तोच मास्क ओलसर होतो, नाकाखाली घसरतो, चहाच्या वेळी हनुवटीवर येतो, पुन्हा वर जातो. कुठल्याही वॉर्डात तासभर उभं राहून पाहावं.

नर्सेसवर झालेले मोठे अभ्यासही होते. मार्क लोब यांनी ऑन्टॅरिओतल्याच आठ रुग्णालयांतल्या ४४६ नर्सेसमध्ये साधा सर्जिकल मास्क आणि एन-९५ (चेहऱ्याला घट्ट बसणारा, बारीक कणही गाळणारा मास्क) यांची तुलना केली होती. ती २००९ मध्ये छापून आली, आणि साधा मास्क फारसा मागे पडला नव्हता. पण त्यात मोजलं होतं ते नर्सला होणारा फ्लू. नर्सकडून रुग्णाला जाणारा फ्लू हा निराळा प्रश्न. मास्कवरच्या वादात या दोन दिशा इतक्या सर्रास एकत्र केल्या जातात की ऐकणाऱ्याला वाटावं, दोन्ही बाजू एकाच गोष्टीबद्दल बोलताहेत.

२०१४-१५ चा हिवाळा

सुनावणी चालू असतानाच निसर्गाने रुग्णालयाची पंचाईत केली. त्या मोसमात फ्लूचा एच३एन२ हा विषाणू इतका बदलून आला की लशीशी त्याचा मेळच बसेना. २०१५ च्या जानेवारीत कॅनडाच्या संशोधकांनी मोसमाच्या मध्यावरचा अंदाज प्रसिद्ध केला : लशीची परिणामकारकता उणे ८ टक्के. संख्याशास्त्राच्या भाषेत त्याचा अर्थ, संरक्षण जवळजवळ शून्य.

आता वॉर्डातलं चित्र बघा. एकाच टेबलावर दोन नर्सेस. एकीने लस घेतली, जी या वर्षी चालत नाही. दुसरीने घेतली नाही. फ्लू होण्याची शक्यता दोघींना जवळपास सारखीच. तरी मास्क फक्त दुसरीच्या तोंडावर. मास्क रुग्णाच्या रक्षणासाठी होता, तर त्या जानेवारीत तो दोघींना लागायला हवा होता. कोणी तसा आदेश काढला नाही. माझ्या मते अख्ख्या प्रकरणातला हा सर्वांत बोलका पुरावा. तज्ज्ञांच्या शेकडो पानांच्या अहवालांपेक्षा याने नियमाचा खरा हेतू उघडा पाडला.

आणि एवढ्यावर भागत नाही. हिवाळ्यात रुग्णालयात एकटा फ्लू फिरत नसतो. आरएसव्ही हा श्वसनमार्गाचा दुसरा विषाणू असतो, साध्या सर्दीचे ढीगभर विषाणू असतात. फ्लूची लस त्यातल्या एकालाही अडवत नाही, मास्क मात्र थोडाफार सगळ्यांना अडवतो. रुग्णाची काळजी म्हणून मास्क आणायचा असता तर लस घेतली-न घेतली हा भेद करायचं कारणच नव्हतं.

लशीच्या बाजूचे दावेही फुगवलेले निघाले. कर्मचाऱ्यांनी लस घेतली की रुग्णांचे मृत्यू घटतात, हा दावा मुख्यतः वृद्धांच्या शुश्रूषागृहांतल्या चार अभ्यासांवर उभा होता. त्यातून असा हिशेब मांडला जाई की दर ८ कर्मचाऱ्यांच्या लसीकरणामागे एक मृत्यू टळतो. द सेर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढे २०१७ मध्ये याची सविस्तर चिरफाड केली. अमेरिकेतल्या रुग्णालयांत सुमारे ५५ लाख कर्मचारी. हा हिशेब त्यांना लावला तर वर्षाला ६,८७,००० मृत्यू टळायला हवेत. १९१८ च्या महासाथीत अख्ख्या अमेरिकेत मेलेल्यांपेक्षा जास्त! त्यांनी नव्याने मांडलेला आकडा ८ च्या जागी किमान ६,००० ते ३२,००० असा आला. शाळेतल्या मुलाने भागाकार केला असता तरी पहिल्या आकड्यात गडबड आहे हे कळलं असतं, पण वर्षानुवर्षं तो धोरणांच्या मसुद्यांत फिरत राहिला.

निवाडे

८ सप्टेंबर २०१५ रोजी हेज यांनी निवाडा दिला. नियम अवाजवी ठरला. मास्कमुळे लक्षणं नसलेल्या नर्सकडून रुग्णाला होणारा संसर्ग टळतो याला पुरावा तुटपुंजा आहे, आणि लसीकरणाचा आकडा वाढवणं हेच धोरणाचं मुख्य काम होतं, असं त्यांनी म्हटलं. करारात नर्सला नाकारण्याचा हक्क दिला होता. मास्क वापरून तो हक्क मागच्या दाराने काढून घेतला गेला.

दोन वर्षं आधी ब्रिटिश कोलंबियात लवाद रॉबर्ट डीबोल्ट यांनी अशाच धोरणावर अगदी उलटा निकाल दिला होता. रुग्णसुरक्षेचा हेतू खरा आहे, मास्क हा त्यातला पर्याय आहे, म्हणून धोरण वाजवी. तज्ज्ञांचा कौल विभागलेला असताना लवादाने रुग्णालयाला किती मोकळीक द्यायची, यावर दोघांची मतं वेगळी पडली. डीबोल्ट यांचं म्हणणंही मला अगदीच टाकाऊ वाटत नाही. धोका मोठा आणि उपाय स्वस्त असेल तर पूर्ण पुराव्यासाठी थांबू नये, हे तत्त्व ऑन्टॅरिओनेच फार महागात शिकलं होतं. २००३ मध्ये टोरांटोत सार्स हा श्वसनाचा जीवघेणा आजार आला. कॅनडात ४४ जण दगावले, त्यात दोन नर्सेस आणि एक डॉक्टर. चौकशी करणारे न्यायमूर्ती आर्ची कॅम्बेल यांनी नंतर हेच बजावलं होतं : शास्त्रीय खात्री पटेपर्यंत कर्मचाऱ्यांचं संरक्षण लांबवू नका. पण तेच तत्त्व इथे लावायचं, तर मास्क सगळ्यांनाच लावायला हवा होता. निम्म्यांना लावायचा आणि उरलेल्यांना लशीचं बक्षीस म्हणून सोडून द्यायचं, हे सावधगिरीच्या तत्त्वात बसत नाही.

सू सेंट मरीतला नियम गेला, तरी टोरांटोची रुग्णालयं हटेनात. मग सेंट मायकेल्स हॉस्पिटलचं प्रकरण लवाद विल्यम कॅप्लन यांच्यासमोर उभं राहिलं आणि ६ सप्टेंबर २०१८ ला तिथेही युनियन जिंकली. कॅप्लन यांची भाषा हेज यांच्याहून कडक. पुरावा अपुरा आणि अजिबात न पटणारा, असा त्यांचा शेरा. पूर्ण शिफ्ट, महिनोन्‌महिने मास्क लावणं ही क्षुल्लक गोष्ट नाही, हेही त्यांनी नोंदवलं. २०१९ च्या डिसेंबरात ब्रिटिश कोलंबियानेही ही मास्कसक्ती सोडून दिली.

डिसेंबर २०१९. पुढच्या तीन महिन्यांत काय झालं ते सांगायला नको.

नंतर

कोविड आला आणि हे निवाडे त्यांच्या संदर्भातून उपटले गेले. मास्क नको म्हणणाऱ्यांनी त्यातली ‘तुटपुंजा पुरावा’ असल्या अर्थाची वाक्यं कापून जगभर फिरवली. बॉनी हेन्री २०१८ पासून ब्रिटिश कोलंबियाच्या मुख्य आरोग्य अधिकारी झाल्या होत्या आणि रोज टीव्हीवर दिसत होत्या. त्यांच्या जुन्या साक्षीतले तुकडेही शोधून काढले गेले. वाक्यं खरी होती. ती लक्षणं नसलेल्या नर्सकडून जाणाऱ्या फ्लूबद्दल होती, एवढंच गाळलं गेलं. कोविडमध्ये लक्षणं नसलेल्यांकडूनही भरपूर संसर्ग होतो हे लवकरच दिसलं, आणि त्या विषाणूचा फ्लूच्या निवाड्याशी संबंध जोडण्यात अर्थ नव्हता. तरीही हे म्हणायला हवं की दोन्ही लवादांनी मास्कबद्दल लिहिलेले परिच्छेद आज वाचताना अडखळायला होतं. पुरावा नाही, याचा अर्थ धोका नाही असा निघत नाही. कॅप्लन यांच्या सुरात तो फरक थोडा पुसट झाला आहे.

खुद्द युनियनची गोष्ट तर अजून वेगळी. मास्कविरुद्ध दोन निवाडे जिंकलेली ही संघटना २०२० च्या एप्रिलमध्ये काही शुश्रूषागृहांना कोर्टात खेचत होती, कशासाठी, तर नर्सेसना एन-९५ मिळत नाहीत म्हणून. ऑन्टॅरिओच्या वरिष्ठ न्यायालयाने नर्सेसच्या बाजूने आदेश दिला. काहींनी यात दुटप्पीपणा शोधला. मला तो दिसत नाही. रुग्णाजवळ जाताना कोणतं साधन लागेल हे तिथे उभ्या असलेल्या नर्सला ठरवू द्या, ही मागणी होती. २०१४ मध्ये तेच तोंडावरचं कापड तिच्यावर दबाव टाकायला वापरलं जात होतं.

आपल्याकडे मास्क म्हटलं की आधी २००९ चा, स्वाइन फ्लूच्या साथीचा पुण्यातला ऑगस्ट आठवतो : नायडू रुग्णालयाबाहेरच्या रांगा, औषधांच्या दुकानांत संपलेले मास्क, तोंडाला रुमाल-ओढणी बांधलेली माणसं. त्यानंतर मोसम आला की रुग्णालयांत फलक लागतात. आपला मोसमही एक नाही, दोन आहेत. पावसाळ्यात एकदा फ्लू चढतो आणि जानेवारी ते मार्चमध्ये पुन्हा. फलक कोणासाठी असतो, हे मात्र सहसा लिहिलेलं नसतं. नर्सेस आणि मावश्यांना मास्क सक्तीचा, राउंडला येणाऱ्या मोठ्या डॉक्टरांचा गळ्यात, आणि खोकणाऱ्या पाहुण्याला कोणी हटकत नाही, ही व्यवस्था अनेकांनी पाहिली असेल. कंत्राटी वॉर्डबॉयला ताप आला तर तो क्रोसिन घेऊन कामावर येतो, कारण खाडा झाला की त्या दिवसाची मजुरी गेली. ऑन्टॅरिओतल्या दोन्ही सुनावण्यांत सगळी बुद्धी खर्च झाली ती लक्षणं नसलेल्या नर्सवर. लक्षणं असूनही कामावर येणारा माणूस कडेलाच राहिला. आपल्याकडे सुरुवात त्याच्यापासून करावी लागेल, आणि तिथे मास्कच्या आधी भरपगारी आजारी रजेचा विषय निघेल. तो कुठल्या समितीच्या अजेंड्यावर येतो, हे मी अजून पाहायचा आहे.

ब्रिटिश कोलंबियाने ३ ऑक्टोबर २०२३ पासून श्वसनरोगांच्या मोसमापुरता रुग्णालयांत मास्क पुन्हा आणला आणि ८ एप्रिल २०२४ ला तो उठवला. २०२५ च्या जानेवारीत पुन्हा लावला. आदेश काढणाऱ्या अधिकारी बॉनी हेन्रीच. या वेळी कर्मचारी, स्वयंसेवक, कंत्राटदार, भेटायला येणारे नातेवाईक, रुग्णांच्या भागात जाणाऱ्या सगळ्यांना तो सारखा होता. लस घेतली आहे का, हे मास्कच्या नियमात कोणी विचारत नव्हतं.